सेहेचाळीसचे चव्वेचाळीस

दर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर स्टेफानिया हावरिलुक यांच्या विनिपेगमधील घरी गिमली या तळ्याकाठच्या गावाहून एक पार्सल येत असे. मेणकागदात गुंडाळलेला सात थरांचा केक, प्रत्येक दोन थरांच्या मध्ये शिजवून वाटलेले सुके आलुबुखारे आणि वेलदोड्याचा दरवळ. सोबत चार ओळींची चिठ्ठी: "आमच्या घरातलं घड्याळ अजून बिनचूक चालू आहे. तुमची कृपा. डोरी आणि सोलवेग." घड्याळ म्हणजे डोरी बेनिडिक्टसनच्या छातीत बाईंनी स्वतःच्या हातांनी शिवलेली कृत्रिम झडप. तिची टिकटिक शांत खोलीत शेजारच्या माणसाला ऐकू येई.

असे सोळा डिसेंबर उलटले. त्या केकचा एक घासही बाईंनी तोंडात घातला नव्हता. पार्सल सोडावे, चिठ्ठी वाचावी, आभाराचे पत्र त्याच दिवशी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून टपालात टाकावे, कारण उपकाराची पोच शिळी होऊ देऊ नये अशी त्यांच्या आईची शिकवण होती. आणि केक तसाच उचलून हॉस्पिटलात परिचारिकांच्या खोलीत नेऊन ठेवावा, हा त्यांचा नेम. "मला गोड चालत नाही," असे त्या सांगत. वास्तविक युक्रेनी नाताळच्या रात्री मधातली गव्हाची खीर त्या दोन वाट्या खात आणि तिसरीकडे पाहत. पण ज्यांच्या तोंडावर कोणी "खोटं बोलता" असे म्हणू धजावत नाही, त्यांचे लहानसे खोटे फार वर्षे टिकते.

सतरावा डिसेंबर यायला तीन आठवडे होते, तेव्हा रोवेनाचा फोन आला.

डॉक्टर रोवेना माकाराएग ही बाईंची शेवटची आणि सर्वांत लाडकी शिष्या. बाई निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती आणि हृदय-शल्यविभागाची सूत्रे आता तिच्या हाती होती, तरी ती त्यांना अजून 'चीफ' म्हणे.

"चीफ, तुमचा गिमलीचा मासेवाला आलाय," ती म्हणाली. "डोरी. मुळाशी सत्तावन्न मिलिमीटर."

बाई खुर्चीत बसल्या. त्या सहसा उभ्यानेच फोनवर बोलत.

"झडप?"

"झडप ठणठणीत. तुमचे टाके आहेत ते. फुगलंय ते महाधमनीचं मूळ. पुन्हा छाती उघडून सगळं मुळासकट बदलावं लागणार. पण ते म्हणतात, हावरिलुकबाई समोर असल्याशिवाय मी सही करणार नाही. गुरुवारी सकाळी याल?"

"येते."

"आणि चीफ," रोवेना क्षणभर थांबली, "जरा आधी या. मला तुम्हाला एक जुनं चित्र दाखवायचंय."

कोणते चित्र, हे बाईंनी विचारले नाही.

*

हृदयातून रक्त जिथे बाहेर पडते तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. काही माणसे दोनच घेऊन जन्माला येतात. त्यांची झडप लवकर झिजते, हे रोग्याला समजावून सांगणे सोपे. पण त्या झडपेवरची नळी, महाधमनीचा तो पहिला फुगीर भाग ज्याला शल्यकार मूळ म्हणतात, तोही अशा कित्येक माणसांत उपजत कच्चा असतो आणि वर्षांगणिक हळूहळू ताणत जातो. ताणता ताणता एक दिवस फाटतो, आणि मग बहुधा काही करायला वेळ उरत नाही. म्हणून झडप बदलायला छाती उघडलीच आहे आणि मूळ पंचेचाळीस मिलिमीटरच्या वर गेलेले आहे, तर दोन्ही एकदमच बदलावे, असा त्या काळचा दंडक होता. पंचेचाळीसच्या आत असेल तर मुळाला हात न लावता छाती बंद करावी.

सोळा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, बेचाळीस वर्षांचा डोरी टेबलावर निजला होता. छाती उघडली होती. भूलतज्ज्ञ मार्सेल पेलेतिए याने अन्ननलिकेतून घातलेल्या यंत्राच्या पडद्यावर मूळ मोजले आणि रोग्याच्या मानेशी ताणलेल्या कापडाआडून आकडा सांगितला.

"सेहेचाळीस."

"तिरकं कापलंयस, मार्सेल," बाई म्हणाल्या. तिरक्या छेदात नळी आहे त्याहून रुंद दिसते. गाजर तिरके कापले की चकती मोठी निघते, तसे.

"सरळ आहे, स्टेफ. दोनदा पाहिलं."

"बाहेरून आलेल्या तपासणीत त्रेचाळीस आहे. चव्वेचाळीस लिही."

मार्सेलने कापडावरून मान वर काढली. मुखपट्टीच्या वर त्याचे डोळे हसत होते. "तुझ्या राज्यात मिलिमीटरसुद्धा घाबरून आखडतात बघ," तो म्हणाला. परिचारिका हसल्या. त्याने चव्वेचाळीस लिहिले. बाईंनी अठ्ठेचाळीस मिनिटांत झडप बदलली, आणि त्या सुबक कामाची पुढे महिनाभर वाखाणणी झाली.

मार्सेल जाऊन आता नऊ वर्षे झाली होती. त्याचा विनोद तेवढा मागे राहिला होता.

त्या आकड्यामागे जे होते ते बाईंखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्या तीन आठवडे आधी, त्याच टेबलावर, एक शाळामास्तरीण त्यांच्या हातून दगावली होती. तिचे मूळ बदलताना हृदयाच्या डाव्या रक्तवाहिनीचे तोंड नव्या नळीला शिवलेले, ते सुटले. सहा तास त्या रक्ताशी झुंजल्या आणि हरल्या. शुक्रवारी सकाळी सात वाजता विभागाची बैठक भरे. आठवडाभरात कोणाच्या हातून काय बिघडले ते ज्याचे त्याने उभे राहून सर्वांसमोर सांगायचे, अशी या लोकांची जुनी रीत. त्या शुक्रवारी बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टाका सुटला नाही. मी तो चुकीच्या जागी घातला." हा त्यांचाच नियम होता. शिकाऊ डॉक्टर "रक्तस्राव झाला" म्हणाला की त्या मागच्या रांगेतून गरजत, "रक्त आपण होऊन वाहत नाही! कुणी वाहवलं?" आणि तो पोरगा "मी" म्हणेपर्यंत त्याला खाली बसू देत नसत. पंचवीस वर्षांत त्यांनी असे कित्येक 'मी' वदवून घेतले होते.

पण डोरीचा आकडा कोणत्याही शुक्रवारी निघाला नाही. निघणार कसा? काही बिघडलेच नव्हते. रोगी आठव्या दिवशी चालत घरी गेला होता. जे बिघडले नाही, त्याची कबुली देण्याची रीत नव्हती. आणि मास्तरणीच्या मरणानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा एक मूळ उचकटायला हात धजला नाही, म्हणून दोन मिलिमीटर खोडले, हे सांगण्याची हिंमत नव्हती. त्या भ्याल्या होत्या. भीतीला त्यांनी अनुभवाचे सोवळे नेसवले, आणि ते सोवळे सोळा वर्षे कोणी फेडले नाही.

*

गुरुवारी सकाळी बाई रोवेनाच्या खोलीत शिरल्या, तेव्हा पडद्यावर चित्र लावलेलेच होते. करड्या धुक्यात एक काळे वर्तुळ. बाजूला तारीख.

"जुनी चित्रं तळघरातल्या साठ्यात होती," रोवेना म्हणाली. "पुन्हा छाती उघडायची, तर आधी काय होतं ते पाहावं म्हणून मागवली. तुमच्या टिपणात चव्वेचाळीस आहे. मी मोजलं."

"किती?"

"सेहेचाळीस. थोडं वरच. आणि छेद..."

"सरळ आहे," बाई म्हणाल्या. "मला दिसतंय."

रोवेनाने पडदा विझवला. ती मनिलात जन्मली होती, विनिपेगमध्ये वाढली होती, आणि थोरांसमोर आवाज चढवणे तिच्या घरात पाप समजले जाई. ती टेबलावरची लेखणी उगीच सरळ करत म्हणाली, "चीफ, एकदोन मिलिमीटरचा फरक यंत्रातसुद्धा पडतो. आणि सेहेचाळीसला हात न लावणारे शल्यकार मी आजही दाखवीन. कोणीही तुम्हाला दोष देणार नाही."

"कोणीही न देण्याची सोय मी तेव्हाच करून ठेवली होती."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"रोवेना, त्या दिवशी मला वाटलं असतं की सेहेचाळीसलाही थांबावं, तर मी 'सेहेचाळीस, तरी थांबते' असं लिहिलं असतं. मी आकडा बदलला. तो कशासाठी बदलतात, ते तुला ठाऊक आहे."

रोवेनाने लेखणीवरचा हात काढला. लेखणी आता अगदी सरळ होती.

"तेव्हा मूळ बदलायचा धोका किती होता?" बाईंनी विचारले. उत्तर त्यांना पाठ होते. त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे होते.

"शंभरात दोन. फार तर तीन."

"आणि आता?"

"सगळं चिकटलंय. महाधमनी छातीच्या हाडाच्या मागेच येऊन टेकली आहे. करवत लावताना जरा चूक झाली तर..." तिने वाक्य सोडून दिले. "शंभरात आठ."

बाईंनी हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले, पर्स मिटली. "ते त्यांना सांगितलंस?"

"आठाचं सांगितलंय. दोनाचं नाही."

*

पलीकडच्या खोलीत डोरी आणि त्याची बायको सोलवेग बसले होते. दाराबाहेरच टिकटिक ऐकू येत होती, आणि तिच्यावर ताण करणारा सोलवेगचा आवाज.

"या, या डॉक्टर, तुम्हीच सांगा आता या माणसाला!" बाईंना पाहताच ती उठून उभी राहिली. गोरीपान, ठेंगणी, कमरेवर हात. "माझं ऐकत नाही. दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर जाऊन बर्फाखालची जाळी ओढतो. माशांची पेटी एकटा उचलतो. म्हटलं, हाताखाली माणूस ठेव. तर म्हणतो, अनोळखी माणूस दिसला की मासे लाजतात!"

"लाजतातच," डोरी म्हणाला. खुर्चीत न मावणारा आडवा माणूस. दाढी पांढरी झाली होती, डोळे तेच. "ओळखीच्या माणसाच्या जाळ्यात अडकायला त्यांना बरं वाटतं. कसे आहात डॉक्टर? केक मिळतो ना वेळेवर?"

"मिळतो," बाई म्हणाल्या.

"बघा, बोलणं बदलतोय," सोलवेग म्हणाली. "सप्टेंबरपासून मी रोज सांगतेय, हे तुझ्या जाळ्यांनी केलं. ओढ, उचल, ओढ, उचल! फुगेल नाही तर काय होईल?"

"खरं आहे हो ते," डोरी जरा खालच्या आवाजात म्हणाला. हसू मावळले होते. "चूक माझीच. तपासणीही टाळली मी. आमचे गावचे डॉक्टर म्हणाले, चव्वेचाळीस आहे, पंचेचाळीसच्या आत, दरवर्षी कशाला शहरात हेलपाटा, तीन वर्षांनी जा. मी तीनाची सहा केली. वाटलं, बाईंनी आत डोळ्यांनी पाहिलंय, काही असतं तर त्यांनी सोडलं असतं का?"

"तो आकडा मी फ्रिजवर लावलाय," सोलवेग म्हणाली. "चव्वेचाळीस. मोठ्या अक्षरात. पाहुण्यांना सांगायची, आमचा अजून एक मिलिमीटर शिल्लक आहे म्हणून." आणि तिचा आवाज एकाएकी फाटला. "तीन महिने मी याला धड झोपू दिलं नाही, डॉक्टर. पण बोलायचं नाही तर काय करायचं? हा मेला तर जाळ्यांना बोलू?"

डोरीने तिचा हात धरला. "अगं, पुरे. मी ऐकतोय ना." मग रोवेनाकडे पाहून तो म्हणाला, "द्या कागद. बाई आल्या. आता काय ते होऊ दे."

रोवेनाने संमतीपत्र पुढे केले. डोरीने लेखणी घेतली. रोवेनाने बाईंकडे पाहिले नाही. ती कागदाकडे पाहत राहिली. बाईंना कळले की ही मुलगी आता एक शब्द बोलणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. दार उघडे होते. त्या नुसत्या उभ्या राहिल्या असत्या, तरी सही झाली असती, शस्त्रक्रिया झाली असती, आणि डोरी जगला असता किंवा गेला असता, तो जाळ्यांमुळे.

"सही करू नका," बाई म्हणाल्या.

लेखणी थांबली.

"आधी माझं ऐका. मग हवी तर करा." त्या बसल्या नाहीत. शुक्रवारी कोणी बसून बोलत नसे. "हे जाळ्यांनी झालेलं नाही. तुम्ही जन्मतः दोन पाकळ्यांची झडप घेऊन आलात आणि तिच्याबरोबर हे कच्चं मूळही आलं. ज्या दिवशी मी झडप बदलली, त्या दिवशी मूळ सेहेचाळीस होतं. पंचेचाळीसच्या वर. ते तेव्हाच बदलायला हवं होतं. भूलतज्ज्ञाने मला आकडा सांगितला. मी त्याला चव्वेचाळीस लिहायला लावलं."

सोलवेगचे हात कमरेवरून खाली आले.

"चुकून?" सोलवेगने विचारले.

"नाही. तीन आठवडे आधी तशीच शस्त्रक्रिया करताना माझ्या हातून एक बाई गेली होती. मला पुन्हा तिथे हात घालायचा नव्हता. मी भ्याले. 'भ्याले' असं लिहिता येत नाही, म्हणून चव्वेचाळीस लिहवलं. तो आकडा पाहून तुमचे डॉक्टर निर्धास्त झाले, तुम्ही झालात. तेव्हा धोका शंभरात दोन होता. आज आठ आहे. मधले सहा माझे आहेत."

टिकटिक चालू होती. एवढ्या शांततेत ती खोलीभर झाली. बाईंना वाटले, ती सोळा वर्षे याच एका वाक्याला ठेका धरून बसली होती.

डोरीने लेखणी टेबलावर ठेवली. तो आपल्या तळहातांकडे पाहू लागला. दोरांनी पडलेले जुने वळ तिथे पांढरे झाले होते.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तळ्यावर बर्फ पातळ लागला की मी परत फिरतो. त्यात लाज नाही. माझा बाप फिरायचा, त्याचा बापही फिरायचा. पण परत फिरताना तिथं एक फांदी रोवायची, असा आमच्याकडे नियम आहे. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. फांदी रोवली नाही आणि कोणी बुडालं, तर गाव त्या माणसाशी बोलत नाही." त्याने मान वर केली. "तुम्ही भ्यालात, ते मी समजू शकतो. फांदी का नाही रोवलीत?"

बाईंकडे उत्तर होते, पण ते सांगण्याच्या लायकीचे नव्हते. फांदी रोवली असती तर सर्वांना दिसले असते की हावरिलुक परत फिरली.

"गर्वाने," त्या म्हणाल्या.

सोलवेग खिडकीकडे तोंड करून उभी होती. "सोळा केक," ती काचेला म्हणाली. "दरवेळी दोन दिवस लागतात तो करायला."

डोरी रोवेनाकडे वळला. "तुम्ही असता तर काय लिहिलं असतंत?"

रोवेनाचा चेहरा लाल झाला. समोरच ज्यांनी तिला शिकवले त्या उभ्या होत्या. "जो दिसला तो आकडा," ती म्हणाली. मग हळूच: "ते मला यांनीच शिकवलं."

"हं," डोरी म्हणाला. त्याने लेखणी उचलली आणि सही केली, मोठी, सावकाश. "तुम्ही समोर हव्यात असं मी म्हटलं होतं, डॉक्टर. आता नकोत. त्या दिवशी त्या खोलीत तुम्ही यायचं नाही."

"येणार नाही."

"आता बाहेर जा. मला माझ्या बायकोशी बोलायचंय."

चाळीस वर्षांत बाईंना कोणी खोलीबाहेर घालवले नव्हते. त्या गेल्या.

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाई हॉस्पिटलात आल्या, त्या थेट नातेवाइकांच्या बसायच्या जागी. जन्मभर त्या तिथे उभ्याने येत, दोन वाक्ये बोलत आणि जात. तिथल्या खुर्च्या इतक्या बुटक्या असतात हे त्यांना माहीत नव्हते. चार खुर्च्या सोडून सोलवेग बसली होती. तिने एकदा पाहिले आणि मांडीवरचे विणकाम पुढे चालू केले.

नऊ वाजले असतील. आता करवत लागली असेल, बाईंच्या मनात आले. त्यांची उजवी मूठ आपोआप वळली. हाडामागे महाधमनी किती टेकली आहे ते त्यांनी चित्रात पाहिले होते: मध्ये कागदाच्या जाडीइतकी जागा. अकरा वाजले. नवी नळी. आता डाव्या रक्तवाहिनीचे तोंड. इथेच ती मास्तरीण गेली. बाईंनी डोळे मिटले आणि लहानपणी आजीबरोबर चर्चमध्ये म्हणायच्या त्या प्रार्थनेचे शब्द आठवून पाहिले. अर्धेच आठवले.

"काय चाललं असेल आता?" सोलवेगचा आवाज आला. मान खालीच होती.

"रक्तवाहिन्या जोडत असतील."

"अवघड असतं?"

"सर्वांत अवघड तेच."

"ती चांगली आहे का? तुमची रोवेना?"

"माझ्यापेक्षा चांगली आहे."

सुया काही वेळ चालल्या. "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर हा रडला," सोलवेग म्हणाली. "मला वाटलं, भीतीनं. तर म्हणतो, 'सोला, जाळ्यांनी नाही झालं.' तेवढंच पुन्हा पुन्हा. तीन महिने मी त्याला मारेकरी ठरवत होते, त्याच्याच मरणाचा." तिने सुई लोकरीत खुपसली. "तुमचं पाप तुम्ही सांगून मोकळ्या झालात. माझं मी कुठं नेऊ?"

"ते माझ्याच खात्यातलं आहे."

"नाही हो. तेवढ्या मोठ्या नका होऊ," सोलवेग तुटकपणे म्हणाली. "बोलली माझी जीभ. तुमची नाही."

दुसऱ्याचा दोषही आपल्या आज्ञेत असावा असे वाटणे हाही एक गर्वच, हे त्यांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका मासेवाल्याच्या बायकोने सांगितले.

दीड वाजता रोवेना आली. टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. ती सरळ सोलवेगकडे गेली, बाईंकडे नाही, आणि तेच योग्य होते. "झालं. हृदय आपलं आपण सुरू झालं. आजची रात्र नीट गेली की काळजीचं कारण नाही."

सोलवेगने दोन्ही हातांनी तोंड झाकले. जाता जाता रोवेना बाईंपाशी क्षणभर थांबली. "अठ्ठावन्न होतं, चीफ," ती म्हणाली. "भिंत इतकी पातळ, की आतलं रक्त दिसत होतं."

*

चौथ्या दिवशी निरोप आला की डोरीने बोलावले आहे. सकाळी दहाला.

तो उशांना टेकून बसला होता, चेहरा मेणासारखा. सोलवेग शेजारी सफरचंद सोलत होती. टिकटिक नवी होती, आधीच्यापेक्षा जरा खालच्या सुरातली.

"या," तो म्हणाला. "बसू नका. जाळ्यांनी झालं का?"

"नाही."

"मोठ्यानं. हिला या कानानं कमी ऐकू येतं."

"मला सगळं ऐकू येतं," सोलवेग म्हणाली.

"तरी."

बाई पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभ्या राहिल्या. "जाळ्यांनी झालं नाही. आकडा सेहेचाळीस होता. मी चव्वेचाळीस लिहवला."

"का?"

"भ्याले म्हणून."

डोरीने डोळे मिटले आणि मान हलवली, औषधाचा घोट उतरल्यासारखी. "माझा राग गेलेला नाही, डॉक्टर."

"जाऊ नये."

"यंदा केक पाठवणार नाही," सोलवेग सालीकडे पाहत म्हणाली.

"बरोबर आहे."

"आवडायचा का तुम्हाला?"

इथे एक सोपे उत्तर होते. बाईंनी ते घेतले नाही. "मी तो कधी खाल्लाच नाही. एकदाही नाही. परिचारिकांना द्यायची."

सोलवेगची सुरी थांबली. तिने बाईंना नखशिखान्त पाहून घेतले. "त्यांना तरी आवडला?"

"शेवटच्या तुकड्यावरून भांडणं व्हायची."

"व्हायलाच हवीत," सोलवेग म्हणाली आणि साल पुढे निघू लागली. हसली नाही.

"उद्या पुन्हा या," डोरी म्हणाला. "दहाला. माझा थोरला भाऊ येतोय अर्बोर्गहून. तो गावभर सांगत सुटलाय, डोरीनं जाळी ओढून ओढून काळीज फोडून घेतलं. त्याच्यासमोर सांगायचं. परवा आमचे पाद्री येतील. त्यांच्यासमोरही."

"येईन."

"उशीर नको," सोलवेग म्हणाली. "तो माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी बाई पावणेदहालाच पोहोचल्या. अंगावर करडा कोट, शुक्रवारच्या बैठकीला त्या घालत तो. दार लोटलेले होते. आतून एक जाडाभरडा आवाज येत होता, "मी तेव्हाच म्हटलं होतं तुला, डोरी, या वयात कोणी पेट्या उचलतं का? आपल्या हातानं आपला जीव..." आणि त्याखाली, कोणाच्याही बोलण्याला न जुमानणारी, नवी टिकटिक.

मनगटावरच्या घड्याळात अजून तेरा मिनिटे बाकी होती. दहा वाजण्याची वाट न पाहता बाईंनी दार वाजवले.